१४१ मार्क आणि एक बाक: कमी मार्कांचा कोल्हापुरी इतिहास

(या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलेलं आणि दोनदा आलेलं तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज खरं तर पंचगंगेच्या पुरांवर बोलायचं ठरलं होतं. पण मध्येच बारावीचा निकाल लागला आणि विषय बदलला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. पहिलंच वाक्य, "दादा, मी संपलो बघ." (बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी: आमच्या कोल्हापूरच्या मुली 'आलो', 'गेलो' असंच म्हणतात.) तिला दातांची डॉक्टर व्हायचंय, आठवीपासून. आणि मार्क काय, तर फिजिक्स ४१, केमिस्ट्री ४८, बायोलॉजी ५२. बेरीज १४१, तीनशेपैकी. म्हणजे ४७ टक्के. बीडीएसला खुल्या गटातून जायचं तर या तीन विषयांत मिळून ५० टक्के लागतात, म्हणजे १५०. राखीव गटांना ४० टक्के चालतात, पण ती त्यात बसत नाही. नऊ मार्क कमी पडले. आता नीटमध्ये कितीही मार्क पडू देत, हे नऊ मार्क भरल्याशिवाय दार उघडत नाही.

मी काय बोललो असेन? बीटेक झालेला, दिवसभर कोड लिहिणारा माणूस मी. म्हणालो, "सोड की डेंटल. बीसीएस कर, मी आहे." ती गप्प झाली आणि फोन ठेवला. त्या गप्प बसण्याने मला रात्रभर झोप आली नाही. दहा वर्षांपूर्वी माझ्या बाकावरच्या मित्राला मी हेच बोललो होतो. त्याच्याकडे येतोच पुढे.

मग मला इतिहासाची खोड आहे, ती कामाला लावली. मार्क कमी पडले तर माणूस आधी काय करायचा? आपल्याकडे रेकॉर्ड सुधारायच्या कोणत्या वाटा होत्या? शोधताना तीन वाटा सापडल्या आणि तिन्ही कोल्हापूरच्या आसपास फिरतात.

तो बाक

सुरुवात करू कुंभोजच्या एका मुलापासून. हातकणंगले तालुक्यातलं कुंभोज. तिथे २२ सप्टेंबर १८८७ ला जन्मलेला भाऊराव पाटील शिकायला कोल्हापुरात आला. जैन बोर्डिंगमध्ये राहिला, राजाराम हायस्कूलमध्ये जायचा. अंगाने दणकट, कुस्तीत तरबेज, आणि गणितात कच्चा.

एक गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. भाऊराव गणितात अडकले. शाहू महाराजांपर्यंत विषय गेला आणि महाराजांनी गणिताचे शिक्षक भार्गवराम कुलकर्णी यांना सुचवलं, की पोराला वर ढकला. त्यावर मास्तर म्हणे असं बोलले, की तो ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वरच्या वर्गात पाठवतो, पण त्याला पाठवणार नाही. आता विचार करा. संस्थानचा राजा शब्द टाकतोय आणि एक शाळामास्तर नाही म्हणतोय. मास्तरला काही शिक्षा झाली असं या गोष्टीत कुणी सांगत नाही. राजानेही ऐकून घेतलं.

ही गोष्ट मी शाळेत विनोद म्हणून ऐकली होती. या वेळी वेगळी वाटली. राजाला मार्क बदलता आले नाहीत. पण मग राजाने आयुष्यभर बदललं काय? मार्कांच्या मागची परिस्थिती. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. आजही दसरा चौकाच्या आसपास फिरलात तर या बोर्डिंगांच्या खुणा दिसतील. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा आदेश सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या जोडीला ही बोर्डिंगं होती हे आपण विसरतो. खेड्यातलं पोर नापास होतं ते बऱ्याचदा डोकं नाही म्हणून नव्हे. राहायला खोली, रात्री दिवा आणि दोन वेळचं जेवण नाही, म्हणून होतं. महाराजांनी नेमकं तेवढं दिलं.

भाऊरावांचं शिक्षण मॅट्रिक न होताच थांबलं. पण त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, आणि त्याला नाव मिळालं छत्रपती शाहू बोर्डिंग. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने या माणसाला डी.लिट. दिली.

भाऊराव मोठे झाले म्हणून तूही मार्कांची फिकीर करू नकोस, असं मी बहिणीला सांगणार नाही. दाताच्या डॉक्टरला डिग्री लागतेच. मला घ्यायचं आहे ते एवढंच: मार्क खोटे करू नयेत, पण ज्याच्यामुळे ते पडले ते शोधावं.

मार्कांचं राज्य

आता दातांकडे येऊ. दातांच्या शिक्षणात मार्कांचं राज्य फार जुनं नाही. कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये देशातलं पहिलं डेंटल कॉलेज काढलं. मुंबईत नायर हॉस्पिटलचं डेंटल कॉलेज १९३३ चं. १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला तेव्हा त्याने नोंदणीचे दोन भाग केले, 'अ' आणि 'ब'. 'अ' भागात डिग्रीवाले आणि 'ब' भागात डिग्री नसलेले, पण आधीपासून दाताच्या कामावर पोट असलेले. म्हणजे कायद्याने सुरुवातीला हातातल्या अनुभवालाही रेकॉर्ड मानलं. पुढे डिग्रीशिवाय वाट राहिली नाही, आणि डिग्रीच्या दारात मार्क उभे राहिले.

आधी अकरावीची एसएससी, मग कॉलेजात इंटर सायन्स, आणि त्या मार्कांवर मेडिकल-डेंटल. सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन अधिक तीन आलं आणि सगळा भार बारावीवर गेला. त्यात आपल्या भागाची अडचण वेगळीच. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. त्याच्या हद्दीत मेडिकलला मिरज होतं, सोलापूर होतं. सरकारी डेंटल? मुंबई, नागपूर (१९६८), नंतर औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर (१९८२). आमच्याकडे नाही, कोल्हापूर जिल्ह्यात आजही नाही.

शिवाय प्रवेशाला विभागाच्या भिंती होत्या. तुम्ही ज्या विभागात शिकलात तिथल्याच जागा तुमच्या. १९८६ मध्ये निदामर्ती महेशकुमार नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेडिकल प्रवेशातल्या या भिंती पाडल्या आणि सांगितलं, की विभागासाठी ७० टक्क्यांच्या वर जागा राखून ठेवता येणार नाहीत. आपल्या घराघरांत ज्यावर वाद झाले तो ७०:३० चा फॉर्म्युला इथून आला. २०२० मध्ये राज्य सरकारने तोही काढून टाकला.

त्या काळी बारावीचा एक आकडा दोन कामं करायचा: पात्रता तोच ठरवायचा आणि नंबरही तोच लावायचा. एका पेपरला ताप आला, की दोन्ही गेलं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

कागद बदलायची वाट

एका आकड्यावर एवढं टांगलेलं असलं, की माणूस त्या आकड्यालाच हात घालायला बघतो. ही दुसरी वाट. तिचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण डेंटलचं नाही, एम.डी.चं आहे. शिवाजीराव पाटील-निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत त्यांच्या मुलीच्या मार्कांमध्ये फेरफार झाल्याचा आरोप झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

मला हे वाचताना राजाराम हायस्कूलचा तो बाक आठवला. एका काळात राजाने शब्द टाकला आणि मास्तरने नाही म्हटलं. दुसऱ्या काळात मार्कांच्या संशयावरून मुख्यमंत्र्यांची खुर्ची गेली. मार्कशीटला हात लागता कामा नये, यावर आपला समाज इतका ठाम आहे. ते बरंच आहे. उद्या माझ्या जबड्यात सुई घालणाऱ्या माणसाचं मार्कशीट खरं असावं, ही माझीपण इच्छा आहे.

पैशाची वाट

तिसरी वाट आमच्या ओळखीची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. दुसऱ्या वर्षी कसबा बावड्यात डी. वाय. पाटलांचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं, पुढे मेडिकलही आलं. डेंटलसाठी आमच्या भागातली मुलं सीमा ओलांडून बेळगावला केएलईच्या कॉलेजात (१९८५), नाहीतर धारवाडला (१९८६) जायची. नंतर सांगली, कराड, आणि आपल्या जिल्ह्यात नवे पारगाव इथेही डेंटल कॉलेजं झाली.

ही वाट वाईटच, असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः विनाअनुदानित कॉलेजातून बीटेक झालोय. ही कॉलेजं नसती तर शेतकऱ्यांच्या कितीतरी पोरांनी गावाबाहेर पाऊल टाकलं नसतं. पण 'डोनेशन' हा शब्दही तेव्हाच घराघरात आला. महाराष्ट्राने १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा केला. १९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी फी घटनाबाह्य ठरवली, १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट' अशी वाटणी केली, आणि २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती योजनाही मोडीत काढली. दहा वर्षांत नियम तीनदा फिरले. यात मधल्या मधे सापडला तो मध्यम मार्कांचा, मध्यम पैशांचा विद्यार्थी.

नियम बदलले, मित्र अडकला

नव्वदचं दशक संपता संपता राज्याची सीईटी आली. बारावीचे मार्क फक्त पात्रतेपुरते उरले आणि नंबर सीईटीवर लागायला लागला. इथे तो एक आकडा पहिल्यांदा दोन आकड्यांत फुटला. मग नीट. ५ मे २०१३ ला पहिली नीट झाली, १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आणि ११ एप्रिल २०१६ ला तोच निकाल मागे घेतला.

माझा बाकावरचा मित्र गडहिंग्लजकडचा. २०१५ ला आम्ही बारावी झालो. त्याला डेंटल हवं होतं, सीईटीत कमी पडले. मी म्हटलं, चल इंजिनिअरिंगला. तो नाही म्हणाला आणि रिपीट मारला. राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहून वर्षभर राज्य बोर्डाची पुस्तकं घासली, कारण राज्याच्या सीईटीचा अभ्यासक्रम तोच होता आणि निगेटिव्ह मार्किंग नव्हतं.

आणि २८ एप्रिल २०१६ ला न्यायालयाचा आदेश आला: याच वर्षी नीट, १ मे आणि २४ जुलै अशा दोन टप्प्यांत. सीईटी होती ५ मे ला! एका आठवड्यावर परीक्षा आणि ती धरतात का नाही, हे कुणाला माहीत नाही. तो रात्री फोन करून नुसता श्वास घ्यायचा. बोलायचा नाही. २४ मे ला अध्यादेश निघाला, सरकारी जागांना त्या वर्षापुरती सीईटी चालली, पण खासगी जागांना नीट लागणार होती. त्याने सीईटी दिली, मग सीबीएसईची पुस्तकं आणून दोन महिन्यांत निगेटिव्ह मार्किंगची नीट दिली आणि खासगी कॉलेजात बीडीएसला लागला. घरच्यांनी कर्ज काढलं. आज त्याचा तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. मागच्या वर्षी माझं रूट कॅनल त्यानेच केलं. तोंड उघडं असताना मला ऐकवत होता, "चल इंजिनिअरिंगला म्हणत होतास न्हवं?"

सात हजार रिकाम्या खुर्च्या

अजून एक तारीख, मग आजच्या दिवसाकडे. २०२०-२१ मध्ये देशात बीडीएसच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ७ हजार जागा रिकाम्या होत्या. पात्रतेची पर्सेंटाइल कमी करायला केंद्र तयार नव्हतं. हर्षित अग्रवाल खटल्यात ८ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला आणि त्या वर्षासाठी पर्सेंटाइल दहाने खाली आणली.

हे ऐकून बहीण खूश झाली. "म्हणजे सीट मिळत्यात?" मिळतात, पण ज्या रिकाम्या राहतात त्या बहुतेक खासगी आणि महागड्या. आणि तो निकाल नीटच्या पर्सेंटाइलचा होता. बारावीच्या ५० टक्क्यांची अट त्याने हलली नाही. तिचे नऊ मार्क जिथल्या तिथेच.

नऊ मार्कांचा हिशेब

मग रविवारी मी कोल्हापूरला गेलो आणि मार्कशीट घेऊन बसलो. बारावीला प्रत्येक विषयाचे ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. प्रात्यक्षिकात तिला २७, २८, २८ होते. म्हणजे ८३ तिथेच. उरले ५८, लेखीच्या २१० पैकी! फिजिक्सच्या पेपरात सत्तरपैकी १४. मी आकडा मोठ्याने वाचला आणि तिचं तोंड उतरलं. पण हे बघणं गरजेचं होतं. नऊ मार्क कमी, असं आम्ही सगळे म्हणत होतो. खरा खड्डा प्रात्यक्षिकाच्या मार्कांखाली झाकला होता. हेच झाकण ठेवून बीडीएसला गेली असती, तर पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीत आपटली असती. विद्यापीठाच्या परीक्षेत पास व्हायलाही ५० टक्केच लागतात.

मग दुसरा प्रश्न: पेपर पडले का? अकरावीत हीच मुलगी बरी होती. हळूहळू बाहेर आलं. नोव्हेंबरात काकांची बायपास झाली. त्यांचं जनरल स्टोअर आहे. संध्याकाळी पाच ते साडेनऊ गल्ल्यावर हीच बसायची, फेब्रुवारीपर्यंत. घरात कुणाला ते आठवलंच नव्हतं, तिलासुद्धा. सगळे "हिला जमणार नाही" या निष्कर्षावर आले होते, आणि मी सगळ्यात आधी. शाहू महाराजांना सव्वाशे वर्षांपूर्वी जे कळलं ते मला रविवारी कळलं.

आता वाटा काय आहेत? बोर्डाची श्रेणी आणि गुण सुधारायची योजना आहे. पास झालेला विद्यार्थी पुन्हा बसू शकतो. २०२५ च्या निकालावेळी मंडळाने लगतच्या तीन संधी जाहीर केल्या होत्या: जून-जुलै, पुढचा फेब्रुवारी-मार्च आणि त्यानंतरचा जून-जुलै. फॉर्म आपल्या कॉलेजातूनच भरायचा. सुधारलेला निकाल प्रवेशासाठी कोणत्या तारखेपर्यंत हातात पाहिजे, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघायचं, क्लासवाल्यांच्या तोंडी ऐकायचं नाही. नीटला वयाची वरची अट २०२२ मध्ये निघाली आहे, त्यामुळे एका वर्षाने काही बिघडत नाही.

आणि मघाशी म्हटलं ते दोन आकडे. आज बारावीचा आकडा फक्त उंबरठा आहे. तिला १५० ओलांडायचेत, २९० नकोत. नंबर लागणार नीटवर, आणि तिथे ७२० पैकी ३६० एकट्या बायोलॉजीचे, जो तिचा त्यातल्या त्यात बरा विषय.

माझा एक चुलत भाऊ न्यू जर्सीत असतो, त्याची मुलगी तिकडे डेंटल स्कूलची तयारी करते. तिकडे चार वर्षांच्या डिग्रीतले सगळे ग्रेड मोजतात. एखादा विषय दुसऱ्यांदा देऊन चांगला ग्रेड आणला तरी सामाईक अर्जात जुना पुसला जात नाही, दोन्ही सरासरीत जातात. म्हणून तिकडची मुलं डिग्रीनंतरही जास्तीचे विषय घेऊन सरासरी वर ओढत राहतात. आपल्याकडे उलटं. नवा निकाल आला की जुना आकडा आडवा येत नाही. आपली पद्धत एका दिवसावर सगळं टांगते म्हणून आपण तिला शिव्या देतो, आणि त्या बरोबरच आहेत. पण तीच पद्धत जुनं विसरते. हा एवढा फायदा तरी पदरात पाडून घ्यावा.

ठरलं ते असं. जुलैची घाई नको, फेब्रुवारीच धरायची, कारण १४ चे ४० करायला सहा आठवडे पुरत नाहीत. संध्याकाळी दुकानात पगारी पोरगा ठेवायचा, त्याचा पगार मी आणि माझी ताई मिळून देणार. काका आधी नको म्हणाले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा नको म्हणाले. मावशीने विषय संपवला, "ठेवायचा म्हणजे ठेवायचा." तिच्यासाठी अभ्यासिकेत जागा बघितली. पहिले दोन महिने फक्त फिजिक्सचं लेखी.

होईल का? माहीत नाही. फेब्रुवारी लांब आहे. पण काल रात्री तिचा मेसेज आला, फोटो होता. दुकानाचं शटर, गल्ल्यावर नवा पोरगा आणि खाली लिहिलेलं, "दादा, आज साडेपाचलाच अभ्यासाला बसलो."

तर मंडळी, तुमच्या घरात या आठवड्यात कुणी मार्कशीट उलटी करून ठेवली असेल, तर त्याला बीसीएस कर म्हणायच्या आधी दोन गोष्टी करा. लेखी आणि प्रात्यक्षिक वेगळं करून बघा. आणि विचारा, की संध्याकाळी पाच ते साडेनऊ तू कुठे होतास.

पंचगंगेचा पूर पुढच्या भागात नक्की. भेटू.